शेवटच्या थांब्यावरची नऊ मिनिटं

१२ जानेवारी

ताई,

फोनवर तू नुसती "बरं, बरं" म्हणतेस आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहितेय. आता उत्तर द्यावंच लागेल.

मुख्य कार्यालयात आज माझा सहावा दिवस. दारावर पाटी आहे : वेळापत्रक अधिकारी. खाली माझं नाव अजून कागदावरच चिकटवलंय, पण पितळी यायचंय म्हणतात. खुर्ची मिळालीय. खुर्ची तशी अकरा वर्षं होतीच, स्टिअरिंगच्या मागे. पण ही गोल फिरते. पहिल्या दिवशी खोलीत कुणी नाही बघून मी एक पूर्ण गिरकी घेतली आणि नेमके साहेब आत आले. म्हणाले, "बसा, बसा, सवय होईल."

खोलीत आम्ही सात जण. सहा पुरुष आणि मी. एकानेही जन्मात बस चालवलेली नाही, आणि सगळ्या शहराच्या बस किती वाजता कुठे असाव्यात ते ही माणसं ठरवतात! मला सगळे "आमच्या ड्रायव्हरबाई" म्हणतात. कौतुकानेच म्हणतात. पण ताई, परीक्षा मी पहिल्या नंबराने पास झालेय, ते कुणी म्हणत नाही. जेवताना विचारतात, एवढी मोठी गाडी वळवताना हात दुखत नाहीत का? मी हसते. हात टेबलाखाली घेते. तळव्यावरचे घट्टे अजून गेलेले नाहीत.

काम मात्र जिवापाड आवडलंय. भिंतीएवढा पडदा आहे, त्यावर प्रत्येक बस म्हणजे एक ठिपका. काल तुझा ठिपका टेकडी चढताना पाहिला. चढावरही तू वेळेवर होतीस.

साहेबांनी मला पहिलं काम दिलंय : वेळापत्रकात मिनिटं शोधायची. वाया जाणारी. तू मला क्लचवर पाय ठेवायला शिकवलंस, आता हेही तूच सांग. कुठून सुरुवात करू? मावशीला आणि दाजींना नमस्कार.

तुझी बारकी


२५ जानेवारी

बारके,

तुझं पत्र डेपोत सगळ्यांना वाचून दाखवलं. गिरकीचा भाग गाळणार होते, पण मग वाटलं, तोच तर चांगला आहे. आता जो तो मला विचारतोय, "बहिणीची खुर्ची थांबली का फिरायची?" आई तर शेजारणीला सांगते की भाची बसकंपनी चालवते. मी दुरुस्त करत नाही.

घट्टे लपवू नकोस. त्या सहा जणांना कुठून आणायचे म्हटले तरी मिळणार नाहीत.

सल्ला विचारलास म्हणून सांगते. महिन्यातून एकदा कुठल्याही बसमध्ये चढ आणि सगळ्यात मागच्या सीटवर बस. पडद्यावर ठिपका दिसतो, त्याला पाठीचा कणा दिसत नाही.

दुसरं, खालच्या बाजारातल्या सिग्नलवर आमची रोज चार मिनिटं जातात. शोधायची तर ती शोध. वर टेकडीवर, शेवटच्या थांब्यावर, आम्हाला नऊ मिनिटं असतात, त्यांना मात्र हात लावू नकोस. तिथे एक छप्पर, एक बाक, आणि रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान. दुकानवाली बाई मागच्या मोरीची किल्ली देते. जायला-यायला दोन मिनिटं, कुणी गिऱ्हाईक असलं तर किल्लीसाठी थांबायचं, आणि मी काही आता विशीतली नाही. जास्त लिहायला नको, तू बाईमाणूस आहेस.

चोवीस वर्षं झाली, तरी वरच्या वळणावर गाडी आली की अजून छाती भरून येते. एकदम सगळं शहर खाली पसरतं. नवखा प्रवासी असला तर "अरे!" म्हणतो. त्या "अरे"साठी मी वळणावर थोडी सावकाश घेते. हे वेळापत्रकात लिहू नकोस.

तुझी ताई


३ मार्च

ताई,

बसली आहेस ना? झालं! माझं वेळापत्रक मंजूर झालं.

चौदा मार्गांवर शेवटच्या थांब्यावरची वेळ मी नवावरून चारवर आणली. दिवसभराच्या फेऱ्यांची बेरीज केली तर दोन अख्ख्या बस मोकळ्या झाल्या. त्या नदीपलीकडच्या नव्या वस्तीला दिल्या. तिथली माणसं आजवर पाऊण तास चालत यायची. पहिली बस गेली तेव्हा मी त्यात होते, मागच्या सीटवर, तू सांगितलं होतंस तशी. एक म्हातारे गृहस्थ चढले आणि पायरीला हात लावून म्हणाले, "आमच्याकडे आली!" ताई, मला रडू आलं.

संचालकांनी सभेत माझं नाव घेतलं. जिन्यापाशी माझा फोटो लावलाय. "ड्रायव्हरबाई" आता कुणी म्हणत नाही, "मॅडम" म्हणतात. साहेब म्हणाले, वर्षभरात विभागाच्या उपप्रमुखाची जागा रिकामी होतेय.

तू रागावशील हे मला ठाऊक आहे. तुझा मार्गही त्या चौदात आहे. पण मी सगळं मोजून केलंय. गाडी वळवायला दीड मिनिट, माणसं चढायला दोन. चार पुरतात. सुरुवातीला घाईचं वाटेल, मग अंगवळणी पडेल. तुला तर नक्कीच. तुझ्यासारखी गाडी कोण चालवतं?

तुझी बारकी


९ मे

बारके,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. अभिनंदन.

इकडे सगळं ठीक. मी मार्गावरून उतरले. एप्रिलपासून डेपोत सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसते. गुडघा दुखायला लागला होता. काम हलकं आहे. लोक काय काय विसरतात! छत्र्या तर ढिगाने. परवा एक कवळी आली. दोन दिवसांनी मालक आले, तोंडावर रुमाल धरून. मी न विचारताच काढून दिली.

मावशीची तब्येत बरी आहे.

ताई


१७ मे

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "अभिनंदन." एवढंच? आणि पुढे पूर्णविराम?

गुडघा कधीपासून दुखतो? जानेवारीत तू मला डेपोच्या सहलीचा फोटो पाठवलास, त्यात पायऱ्या चढतेयस. मला खरं सांग. माझं पुढे जाणं तुला खुपतंय का? इथे लोक पाठीमागे काय बोलतात ते मी ऐकते, त्याचं मला काही वाटत नाही. पण तू तोंड फिरवलंस तर मी कुणाकडे बघू?

एक बोलू का, रागावू नकोस. तू चोवीस वर्षांत एकदाही परीक्षेला बसली नाहीस. दरवेळी म्हणायचीस, मला गाडीच आवडते. आवडणं ठीक आहे गं, पण माणसाने वर जायचं की नाही? आता गुडघ्याचं निमित्त करून छत्र्या सांभाळत बसलीस. मी साहेबांशी बोलले आहे. नव्या चालकांना शिकवायला अनुभवी माणूस हवंय. माझ्या शब्दाला आता इथे वजन आहे. तू फक्त एक अर्ज कर.

तुझी बारकी


३० मे

बारके,

तुला हे कधीच सांगायचं नव्हतं. पण तू "खुपतंय का" विचारलंस आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा सांगतेच.

तुझ्या वेळापत्रकानंतर मी सकाळी पाणी पिणं सोडलं. खालच्या बाजारात रस्ता खणलाय, रोज सहा-सात मिनिटं उशीर. वर पोचायचं तोवर चार मिनिटं मागच्या मागे संपलेली. दार उघडायचं, बंद करायचं, निघायचं. औषधवाली बाई किल्ली हातात धरून दारात उभी राहायची आणि मी तिला मान हलवून नाही म्हणायचे. पंधरा दिवसांत जळजळ सुरू झाली. डॉक्टरीण म्हणाली, भरपूर पाणी प्या. हसूच आलं मला.

तो मंगळवार होता. लागोपाठ तिसरी फेरी. शाळा सुटलेली, गाडी खचाखच. टेकडीवरून खाली येताना वरच्या वळणाच्या अलीकडे एक सायकलवाला आडवा आला, मी ब्रेक दाबला. आणि मग थांबलं नाही. गाडी थांबली, मी नाही.

पुढे डेपोपर्यंत सात थांबे होते. गाडी सोडून जाता येत नाही, चाळीस जीव मागे. मी प्रत्येक थांब्यावर दार उघडलं. रोजच्यासारखं "सावकाश उतरा" म्हणत होते. पहिल्या सीटवरच्या एका बाईंनी खाली पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे उपकार वाटले, आणि रागही आला. मागून एक लहान पोर म्हणालं, "आई, हा वास कसला गं?" त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मी आरशात बघितलं नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा आरशात न बघता गाडी चालवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण हात आपले चालत होते.

डेपोत सगळे जाईपर्यंत मी उतरले नाही. शेवटी गाड्या धुणारे काका आले. त्यांनी पाहिलं. आपला रेनकोट काढून सीटच्या पाठीवर टाकला, दुसरीकडे बघत म्हणाले, "आज सगळ्याच गाड्या आतून धुवायच्यात." आणि खरंच बाई, माझी धुतल्यावर शेजारच्या तीन गाड्याही आतून धुतल्या, कुणी काही विचारू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी गुडघ्याचा अर्ज दिला. दाजींना काही सांगितलेलं नाही.

इथे खिडकीत बसल्यावर कळलं की मी एकटी नाही. आम्ही सात जणी आहोत डेपोत. एकेक जण छत्री शोधायच्या निमित्ताने येते. एक दुपारपर्यंत घोटभर पाणी घेत नाही. एक डायपर बांधून गाडीवर बसते, तिशीची मुलगी. एकीच्या पिशवीत रोज जास्तीची पँट असते. एकमेकींना कुणी सांगितलेलं नाही. मला सांगतात, आणि छत्री न घेताच जातात.

तुझ्यावर रागावले नव्हते. मला लाज वाटत होती. आणि तू विचारलंस, माणसाने वर जायचं की नाही. मी रोज जात होते गं वर. तिथूनच उतरवलंस.

ताई


२४ जून

ताई,

तीन आठवडे रोज लिहायला घेतलं आणि फाडलं. काय लिहू? माफ कर, असं लिहिलं की ते मलाच स्वस्त वाटतं.

तुला वाटत असेल, मला सुचलं नाही. मला माहीतच नसेल. माझा मार्ग डेपोतच संपायचा, मला कधी किल्ली मागावी लागली नाही, हे खरं. तेवढ्यावर मी सुटू शकले असते. पण तुझं जानेवारीचं पत्र माझ्या खणात होतं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट आहे. ती अजून कुणाला सांगितलेली नाही.

फेब्रुवारीत आम्ही सातही जण टेबलाभोवती बसलो होतो. शेवटच्या थांब्याच्या तक्त्यात रकाने होते. गाडी वळवणे, प्रवासी चढणे, आणि शेवटचा, "वैयक्तिक गरज". त्यात पाच मिनिटं. किती जुना तक्ता कोण जाणे, पण कुणीतरी विचार करून लिहिलं होतं. साहेबांनी त्यावर पेन्सिल टेकवली. "ही कसली गरज?"

कुणीतरी म्हणालं, "चहा-बिडी, दुसरं काय!" सगळे हसले.

मग साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. इथे तुम्हीच चालवलेली आहे."

मला पहिल्यांदा त्यांनी मॅडम म्हटलं होतं. सहा जण माझ्याकडे बघत होते. मला एकच शब्द बोलायचा होता, ताई. लघवी. जिभेवर आला होता. पण वाटलं, हा शब्द बोलले की मी पुन्हा ड्रायव्हरबाई. आयुष्यभर मला बघितलं की यांना तेच आठवेल. मी म्हणाले, "नाही साहेब. तसं काही खास नाही. चालेल." आणि पेनही मीच उचललं. रेघ मी मारली.

एवढंच. तिथे मला एक शब्द उच्चारायची लाज वाटली, आणि तुला सात थांबे...

मी गेल्या आठवड्यात साहेबांकडे गेले. नुसतं म्हणाले, चालकांना त्रास होतोय. त्यांनी तक्रारींची फाइल उघडून दाखवली. या विषयावर एकही तक्रार नाही. "त्रास असता तर कुणी लिहिलं असतं," म्हणाले. फाइल खरंच रिकामी होती.

कोणत्या तोंडाने विचारू? पण तुमच्यापैकी एकीने जरी लिहून दिलं तर माझ्या हातात काहीतरी येईल. तू लिहिशील का?

बारकी


२८ जून

बारके,

नाही.

तुला भरल्या खोलीत जो शब्द बोलवला नाही, तो मी कागदावर लिहून, खाली माझं नाव घालून, शिक्का मारून पाठवू? तुझ्या हातात काहीतरी यावं म्हणून? तो कागद टेबलावरून टेबलावर फिरेल. जो वाचेल तो मान वर करून विचारेल, ही कोण? उद्या इथल्या पोरांना कळेल. तुझ्या मावशीला कळेल.

तुझ्या हातात पेन आहे. तेच पेन. दुसरं मागू नकोस.

ताई


१९ जुलै

ताई,

तू बोललीस ते बरं केलंस.

सोमवारी तिमाही सभा होती. संचालक, सगळे विभागप्रमुख, वीस-बावीस माणसं. माझ्या नावावर विषय होता "वेळापत्रकातील सुधारणा", मी पुढच्या दहा मार्गांचं सांगायचं होतं. मी उभी राहिले. हातातला कागद टेबलावर ठेवला. म्हणाले, "शेवटच्या थांब्यावर बायकांना लघवीला जायला वेळ उरलेला नाही. त्या पाणी पीत नाहीत. आजारी पडतात. एका चालकाला गाडी चालवताना कपड्यात झाली, आणि तशीच ती सात थांबे गाडी घेऊन गेली."

कुणीतरी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला. कुणीतरी खोकलं. मागून बारीकसं हसूही आलं. संचालकांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "ही चालक कोण?"

तुझं नाव सांगणार नव्हतेच. पण "सांगता येत नाही" म्हटलं असतं तर साहेब म्हणाले असते, ऐकीव गोष्ट. मी म्हणाले, "मी. मी गाडीवर होते तेव्हा."

निकाल असा : सहा मार्गांवर नऊ मिनिटं परत, प्रयोग म्हणून, तीन महिने. बाकीच्या आठांचं नंतर बघू. तुझा मार्ग सहात नाही. मी भांडले, पण टेकडीवर गाड्या आधीच कमी आहेत म्हणे.

तेव्हापासून मी जेवायला एकटी बसते. बुधवारी आले तर माझ्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलेलं, नीट चार पदरी. कुणी केलं ते विचारलं नाही. घडी करून कपाटावर ठेवलं आणि बसले. तेव्हा कळलं तुला काय झालं असेल ते. म्हणजे त्याचा शंभरावा भाग. उपप्रमुखाच्या जागेसाठी आता दुसऱ्याचं नाव चाललंय.

ताई, मी परत येऊ का? गाडीवर. परवाना अजून चालू आहे. ही खोली मला झेपत नाही, आणि काम आवडायचं ते आता तोंड कडू करतं. ठिपके बघितले की वाटतं, आत कुणीतरी दात आवळून बसलंय.

बारकी


२ ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग भडकले. दोन्ही सांगते.

रडले ते वर्तमानपत्रासाठी. तुला लहानपणी कुणी चिडवलं की मी त्याच्या घरी जाऊन भांडून यायचे. आता येता येत नाही.

भडकले ते "मी" म्हणालीस त्यावर. तुला कुणी सांगितलं होतं? ते माझ्यावर गुदरलं. सात थांबे मी नेली गाडी. वाईट असलं, घाण असलं तरी ते माझं आहे. तू ते उचलून आपल्या अंगावर घेतलंस आणि तुला वाटलं मला वाचवलंस. आणि स्वतःचं जे होतं, ते पेन, ती रेघ, ते कुठे सांगितलंस? ते तर झाकूनच ठेवलंस की. माझी लाज सांगितलीस, तुझी लपवलीस.

हे मला सुचलं तेव्हा माझंही मला कळलं, मीही झाकूनच बसले होते. रविवारी दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "आणि पुढचे सात थांबे तू गाडी नेलीस?"

"नेली."

"एकही चुकवला नाहीस?"

"नाही."

त्यांनी नुसती मान हलवली आणि माझ्या ताटात वाढायला लागले. रोज मी वाढते.

सोमवारी डेपोच्या कार्यालयात गेले. कारकुनाने तक्रारीचा छापील कागद काढला. "प्रकार काय लिहू? उशीर, गैरवर्तन, बिघाड की इतर?"

मी म्हटलं, "लघवी लिहा."

तो इतका गडबडला की ऱ्हस्व-दीर्घ चुकलं. मीच पेन घेऊन दुरुस्त केलं. मग सगळं सांगितलं, वारासकट. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. काही झालं नाही. बाहेर आले आणि खिडकीत जाऊन बसले, एवढंच. नाही, एवढंच नाही. परवा उपाहारगृहात दोन पोरं मला बघून कुजबुजली आणि मी चहा तसाच टाकून उठले. लाज जात नाही गं. सांगितल्याने जाते म्हणतात, ते खोटं आहे.

माझ्या खाली आणखी तिघींनी सह्या केल्या. तिघींनी नाही. त्यांना मी काही म्हणणार नाही.

आता तुझं. परत येऊ नकोस. गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. त्या खोलीत तो शब्द एकदा बोललेली तू एकटीच आहेस. तू उठलीस की वर्तमानपत्रवाला तिथे बसेल. काम कडू लागतंय तर लागू दे काही दिवस. मी गाडीवर परत जाणार नाही, डॉक्टरीण नको म्हणते आणि मलाही आता त्या वळणाचं भय वाटतं. ते तू मला परत देऊ शकत नाहीस. त्याची माफी मागत बसू नकोस, मी देईन की नाही मलाच माहीत नाही.

तक्रार आठवड्याभरात तुझ्या टेबलावर येईल. बहीण म्हणून उत्तर लिहू नकोस. कार्यालयाच्या कागदावर लिही, तुझ्या हुद्द्याने.

ताई


बसकंपनी, मुख्य कार्यालय
वेळापत्रक विभाग
११ ऑगस्ट

प्रति,
तक्रारदार (मार्चअखेरपर्यंत चालक संवर्गात, सध्या सापडलेल्या वस्तूंचा कक्ष)

विषय : तक्रार क्रमांक १, प्रकार : लघवी.

महोदया,

आपली व आपल्या तीन सहकारी चालकांची तक्रार या विभागास मिळाली. या विषयावर विभागाच्या दप्तरी दाखल झालेली ही पहिली तक्रार आहे.

१. आपण नमूद केलेली घटना खरी असल्याचे हा विभाग मान्य करतो. घटनेस आपला कोणताही दोष कारणीभूत नाही. आपण प्रवाशांना सर्व थांब्यांवर सुखरूप उतरवले, याची नोंद घेण्यात आली आहे.

२. मागील तिमाही सभेत निम्नस्वाक्षरीकार यांनी सदर घटना स्वतःबाबत घडल्याचे सांगितले होते. ते खोटे होते. ते विधान याद्वारे मागे घेण्यात येत आहे.

३. शेवटच्या थांब्याच्या तक्त्यात "वैयक्तिक गरज" या रकान्याखाली पाच मिनिटांची तरतूद पूर्वीपासून होती. या रकान्याची गरज काय, असे फेब्रुवारीतील बैठकीत विचारले असता, निम्नस्वाक्षरीकार यांना उत्तर माहीत होते. बैठकीत उपस्थित असलेल्यांपैकी ते केवळ त्यांनाच माहीत होते. त्यांनी ते सांगितले नाही व रकाना स्वतःच्या हाताने खोडला. कारण विचारल्यास : लाज वाटली.

४. टेकडी मार्गासह उरलेल्या आठही मार्गांवर सदर तरतूद पूर्ववत करण्याचा प्रस्ताव आज सादर केला आहे. प्रत्येक शेवटच्या थांब्यावर महिला चालकांसाठी स्वच्छतागृहाची मागणीही त्यात आहे. नदीपलीकडील वस्तीची बस बंद न करता हे कसे करता येईल, याचा हिशोब सोबत जोडला आहे; खालच्या बाजारातील सिग्नलवर रोज जाणारी मिनिटे त्यात धरली आहेत. प्रस्ताव मंजूर होईल असे आज सांगता येत नाही. नामंजूर झाल्यास तो पुन्हा सादर करण्यात येईल.

आपली,
वेळापत्रक अधिकारी

प्रत :
१. मा. संचालक, माहितीसाठी.
२. वेळापत्रक अधिकारी यांच्या सेवापुस्तकात कायम नोंदीसाठी.